पाचशे ग्रॅम

पोटातल्या बाळाला पोसणाऱ्या वारेवर डॉक्टरीणबाईंनी तीस वर्षं संशोधन केलं. गरोदरपणात काही बिनसलं, की ती वार तपासायला त्यांच्याच टेबलावर यायची. आज त्यांची लेक बाळंत झाली, तर नात नर्सच्याच हातात ठेवून बाई आधी वारेच्या ट्रेकडे धावल्या.

तेवढ्यात घरून नवऱ्याचा फोन. "कशी आहे गं?"

"गोल गरगरीत, कुठे डाग म्हणून नाही! पाचशे ग्रॅम!"

"पाचशे?" आजोबांची बोबडीच वळली.

"बाबा, पोरगी सव्वातीन किलोची आहे," खाटेवरून लेक ओरडली. "आई वारेचं सांगतेय!"

बाई डोळे पुसत हसल्या. "अहो, तीस वर्षांत पहिल्यांदाच एवढं शोधलं आणि काहीच सापडलं नाही!"