चिलापीचे कल्ले

कौस्तुभ आणि भक्ती नवराबायको. दोघंही मालवणजवळच्या एका मत्स्य संशोधन केंद्रात कामाला. चिलापी हा विषय आधी कौस्तुभचा. तळ्यात हा मासा कसा वाढतो यावर त्याने प्रबंध लिहिला होता, गावोगाव शिबिरं घेतली होती. भक्ती लग्नानंतर केंद्रात आली आणि सूक्ष्मदर्शकावर बसू लागली. लोक तिला 'कौस्तुभ सरांची मिसेस' म्हणायचे. तिला त्याचं काही वाटायचं नाही.

मग तिच्या एक गोष्ट लक्षात आली. हापूसच्या बागांना लागून असलेल्या तळ्यांतली चिलापी वरून धडधाकट दिसायची. पण मोहरावरची फवारणी झाली की तिच्या कल्ल्यांची नाजूक पाती सुजून एकमेकांना चिकटायची. असा मासा पोहतो, खातो. पाण्यातला प्राणवायू जरा कमी झाला की मात्र त्याला श्वास पुरत नाही. हे सांगायला तिला कोचीच्या परिषदेचं बोलावणं आलं. तळेवाले आता तिलाच फोन करू लागले. केंद्रप्रमुख कौस्तुभच्या टेबलापाशी थांबून विचारायचे, "भक्ती कुठे आहे?" एकदा बाजारात तो सुरमईचा भाव करत होता, तेव्हा मासे विकणारी बाई शेजारणीला म्हणाली, "ह्यो त्या चिलापीवाल्या मॅडमचो घोव."

मॅडमचा नवरा! कौस्तुभ हसला आणि सुरमई न घेताच घरी आला.

त्यानंतर त्याला सगळंच टोचू लागलं. ती फोनवर हसली तरी, आणि कामाबद्दल त्याच्याशी बोलली नाही तरी. बोलली तर जास्तच. माझ्याच तळ्यांतले मासे, माझीच माणसं, असं तो मनात घोळवत राहायचा.

कोचीला जायच्या आधी भक्तीने त्याच्यापुढे कल्ल्यांच्या नमुन्यांच्या काचपट्ट्यांचा डबा ठेवला. पट्ट्यांवर नुसते क्रमांक होते. कुठली पट्टी कुठल्या तळ्यातली हे दुसऱ्यांदा तपासणाऱ्याला कळू नये, अशी रीत असते.

"माझा बघून झाला. आता तू बघ," ती म्हणाली. "तुका तसाच दिसला तर मी रहमतुल्लाभाईंका सांगतलंय, बागेतसून येणारो चर बंद करा म्हणान. पण चर बंद केलो तर तेंच्या तळ्याक पाणी कमी पडतला. उगाच कसा सांगू?"

रहमतुल्लाचं तळं मिठबावला होतं, आंब्याच्या बागेच्या अगदी खाली.

कौस्तुभने पट्ट्या पाहिल्या. कल्ल्यांची पाती स्पष्ट चिकटलेली होती. विद्यार्थ्यालाही दिसली असती. जिथे 'तीव्र' लिहायचं तिथे त्याने 'सौम्य' लिहिलं. एकदा लिहिल्यावर पुढे हात अडला नाही. आपण खोटं लिहितोय असं त्याने स्वतःशीही म्हटलं नाही. संशोधनात काटेकोर असलेलं बरं, एवढंच म्हटलं.

निकाल पाहून भक्तीने आपली नोंद त्याशेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहिली. "माकाच जास्त दिसला असतला," ती शेवटी म्हणाली.

"होता असा कधीकधी," कौस्तुभ म्हणाला.

तिने रहमतुल्लाला कळवलं की चर बंद करायची गरज नाही, आणि कोचीला लिहून आपलं भाषण मागे घेतलं. त्या दिवशी कौस्तुभ चवीने जेवला.

पुढची फवारणी झाली. पाठोपाठ ढगाळ, कोंदट दिवस आले. वारा मुळीच नव्हता; अशा दिवसांत तळ्यातला प्राणवायू घटतो. भक्ती तळेऱ्याला माहेरी गेली असताना सकाळीच रहमतुल्लाचा फोन आला आणि कौस्तुभ एकटाच मिठबावला गेला. तळं पांढरं झालं होतं. चिलाप्या तोंडं उघडी टाकून तरंगत होत्या. रहमतुल्ला आणि त्याची बायको जोहरा जाळीने मेलेले मासे काठावर ओढत होते.

"मॅडमनी सांगलल्यानी, भिवचा कारण नाय," रहमतुल्ला म्हणाला. "म्हणान चर तसोच ठेवलंय."

"मोठी मॅडम," जोहरा जाळी आपटत म्हणाली. "तिका काय कळता?"

ते ऐकून कौस्तुभला बरं वाटलं. क्षणभरच, पण बरं वाटलं. उन्हातून आल्यावर थंड पाणी प्यावं तसं. समोर मेलेले मासे आणि आपल्याला बरं वाटतंय, हे ध्यानात आलं तेव्हा त्याला स्वतःचीच भीती वाटली.

"चूक मॅडमची नाय," तो म्हणाला. "तिका आधीच दिसलला. मी खोटा लिवलंय."

रहमतुल्लाला आधी कळेना. कळल्यावर तो काठावर बसला. "सर, तुमीच माका ह्या तळा खणूक सांगलास," एवढंच तो बोलला. कौस्तुभने पँट दुमडली आणि तो पाण्यात उतरला. त्याला कोणी ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही.

संध्याकाळी तो तळेऱ्याला गेला. भक्तीने सगळं ओट्यावर उभ्यानेच ऐकलं.

"कित्याक?" तिने विचारलं.

"सगळे तुकाच इचारतत म्हणान."

"माका सांगूचा होतास. भांडाचा होतास." तिचा आवाज चढला नाही. "तेव्हापासून मी माझ्याच डोळ्यांवर भरवसो ठेवलंय नाय. रोज त्योच पट्ट्यो काढून बघत होतंय, माका चुकीचा कसा दिसला म्हणान."



त्याने केंद्रप्रमुखांनाही खरं सांगितलं आणि चिलापीचं काम त्याच्याकडून काढून घेण्यात आलं. भक्तीने पट्ट्या रत्नागिरीच्या एका तज्ज्ञांना दाखवल्या. त्यांनीही 'तीव्र' लिहिलं. पुढच्या मोहराआधी बागांलगतच्या तळेवाल्यांनी चर वळवले. रहमतुल्लाच्या चराचं खणकाम कौस्तुभने त्याच्याबरोबर राहून केलं. कोचीची वेळ निघून गेली होती. पण पुढच्या परिषदेला भक्ती गेली. तिथून कोणीतरी पाठवलेला फोटो कौस्तुभच्या फोनवर आला. ती व्यासपीठावर बोलत होती, मागच्या पडद्यावर सुजलेले कल्ले.

त्याला पुन्हा तसंच टोचलं. हे टोचणं आता गेलं असेल असं त्याला वाटलं होतं. ते गेलं नव्हतं. ते ओसरेपर्यंत तो थांबला आणि मग त्याने भक्तीला फोन लावला.

"बरा झाला?" त्याने विचारलं.

"बरा झाला," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "तुका कसा वाटला?"

"वायट वाटला थोडा," तो म्हणाला.

"आज सांगलंस तरी," भक्ती म्हणाली, आणि तिने फोन ठेवला नाही.