जड कार्बनची जागा

वडिलांचं दिवसकार्य आटोपून श्वेता अंधेरीच्या लॅबमध्ये परतली, ती एक शंका मनात घेऊनच. अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा ती दोन बाटल्यांवर लेबलं चिकटवत होती. हातून अदलाबदल झाली असली, तर त्याच बाटल्यांवर काम करणाऱ्या किरणची पंधरा दिवसांची मेहनत पाण्यात.

"अगं, वजन पाहिलंय मी मशीनवर. दोन्हींचं बरोबर आलं," किरण म्हणाला.

"येणारच ना! लेबलं उलटी असती तरी तेवढंच आलं असतं."

दोन्हींत द्रव्य एकच होतं. रेणूतला एक कार्बन तेवढा नेहमीपेक्षा जड. एका बाटलीत तो रेणूच्या या टोकाला, दुसरीत त्या. एकूण भार सारखाच, त्यामुळे मशीनने रेणूंचे आयन करून ते अख्खे तोलले की आलेखावर दोन्हींची रेघ एकाच जागी उमटते. जड कार्बन नेमका कुठे बसलाय हे कळायला आयन फोडून तुकडे तोलावे लागतात.

तिने फोडले. दोनदा. लेबलं बरोबर होती.

किरणचा जीव भांड्यात पडला. श्वेता मात्र स्टुलावर बसूनच राहिली.

"झकास झालं की! आता काय?"

"दुसरं लेबल मी फोन ठेवल्यावर लावलंय, किरण. एक सुरकुती नाही त्यावर. बाप गेल्याचं ऐकलं आणि माझा हातसुद्धा हलला नाही रे."

स्मशानातही ती रडली नव्हती. आत्याने ते चारचौघींत बोलूनही दाखवलं होतं.

किरण म्हणाला, "लेबल लावलंस आणि एप्रनवरच निघालीस. सेफ्टी गॉगल डोळ्यांवर, लॅबच्या स्लिपर पायात. मी तुझी पर्स घेऊन गेटपर्यंत धावलो, तर म्हणतेस, 'माझी नाही.' रिक्षावाल्याला पत्ता मी सांगितला."

तिला यातलं काहीच आठवेना. आठवलं ते जोगेश्वरीच्या घराचं दार. तिथे पडलेल्या रबरी स्लिपर कुणी पाहुणा विसरला असेल, म्हणून ती रोज पायाने बाजूला सारत होती.

"निळ्या?" तिने विचारलं.

"मग! माझ्या आहेत त्या, उद्या आण यार. मी शेजारच्या टेबलावरच्या माधुरीच्या घालून फिरतोय, टाचा बाहेर येतात."

श्वेता हसायला गेली. थोड्या वेळाने तिला गॉगल काढावा लागला. काचा आतून धुरकटल्या होत्या.