दोरीला टांगलेलं नमन

मित्रांनो, मी एक जुना डीव्हीडी रायटर आहे. संगणकाच्या पोटात बसून चकत्या वाचायच्या आणि कोऱ्या चकत्यांवर लिहायचं, हे माझं काम. तुमच्यापैकी कित्येकांनी मला पाहिलंही नसेल. माझ्यासारख्याची गोष्ट तुम्ही का ऐकावी, हे मलाही नीट सांगता येणार नाही. पण गेल्या शिमग्याच्या आधी जे घडलं, ते मनात ठेवणं मला जमत नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. आठवतो तो पांढऱ्या हातमोज्यांचा स्पर्श आणि माझ्या छातीत बसवलेला बारीक लाल किरण. सोळा वर्षांपूर्वी मी रत्नागिरीत आलो. एसटी स्टँडमागच्या गल्लीत गुरुप्रसादचा फोटो स्टुडिओ आहे, तिथे त्याने मला संगणकात बसवलं. लग्नं, बारशी, शाळांची स्नेहसंमेलनं, सगळं मी लिहिलं. लोक चकती उजेडात धरून तिच्यातले रंग बघत, तेव्हा मला उगीच अभिमान वाटे.

त्याच वर्षी मालगुंडकडच्या एका वाडीतले आप्पा दुकानात आले. शिमग्यात पालखीपुढे त्यांचं मंडळ नमन, म्हणजे देवाचं गाणं-नाच, करी. नमनाच्या सुरुवातीला गावातल्या सोळा देवांची नावं ठरलेल्या क्रमाने गायची असतात. क्रम चुकला तर वाडीत वर्षभर अबोला. आप्पांनी तो क्रम कधी कागदावर उतरवू दिला नाही. "देवाचं नाव तोंडात असावं, वहीत नको," असं ते म्हणत. गुरुप्रसादने मात्र त्यांचं नमन कॅमेऱ्यात घेतलं होतं, आणि मी त्याच्या बावीस प्रती लिहिल्या, घरटी एक. पहिली प्रत गुरुप्रसादने जपून, सर्वांत कमी वेगात काढली. पुढे घाई झाली आणि बाकीच्या भराभर निघाल्या. आप्पांनी माझ्यावर टिचकी मारून विचारलं, "ह्याच्या पोटात किती नमनं मावतात रे?"

मग पेनड्राइव्ह आले, मोबाइल आले. मला संगणकातून काढून खोक्यात टाकलं गेलं. माझ्या अंगावर तुटके कीबोर्ड आणि कुणाचा तरी पासपोर्ट फोटो, जो कधी कुणी न्यायला आलाच नाही. मला वाटलं, आता आपलं काही खरं नाही.

यंदा शिमगा चार दिवसांवर आला असताना एका सकाळी केरू दुकानात शिरला. बरोबर त्याची काकी, आप्पांची बायको यमुनाबाई. केरू मुंबईत नोकरीला, आप्पांचा पुतण्या. आप्पा श्रावणात गेले आणि नमन आता केरूने म्हणायचं ठरलं. इतकी वर्षं तो मागे उभा राहून झांज वाजवायचा. अकरा नावं त्याला पाठ होती. पुढची पाच झांजेच्या आवाजात कधी नीट कानांवर पडलीच नव्हती.

"मग इतरांना विचार की," गुरुप्रसाद म्हणाला.

"विचारलं. पाच जणांनी पाच क्रम सांगितले, गुरूदादा. दोघं तर तिथंच भांडले."

यमुनाबाईंनी पिशवीतून चकती काढली. तिच्या मधल्या भोकात अजून नायलॉनची दोरी होती.

"हे काय, काकी?"

"वालीच्या मांडवावर टांगली व्हती. चमकते ना, कावळं येत नाय. घरातला प्लेअर बंद पडला, मग घरात ठेवून काय पूजा करायची?"

"आणि बाकीच्यांनी?"

"सगळ्यांनीच टांगल्या," केरू खाली बघत म्हणाला. "अख्खी वाडी चमकतेय दोन वर्षं."

मूळ चित्रण जुन्या संगणकाबरोबरच गेलं होतं, म्हणून गुरुप्रसादने खोकं उपसलं. मला उजेड दिसला.

पण माझ्यावर भरवसा ठेवायचा कसा? मी सहा वर्षं चाललो नव्हतो. माझा ट्रेसुद्धा उघडेना. गुरुप्रसादने पुढच्या बारीक भोकात टाचणी घालून तो ओढला, आतला ढिला पट्टा बदलला, कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून माझी काच पुसली. मग माझी परीक्षा सुरू झाली. आधी कंपनीत छापलेली, धडधाकट चकती वाचायला दिली. वाचली. मग एक कोरी चकती लिहायला दिली. माझा किरण पूर्ण ताकदीने पेटला तेव्हा अंगातून अशी वीज गेली की काय सांगू. लिहून झाल्यावर तीच चकती मलाच तपासायला लावली. पडद्यावर माझ्या चुकांचा आलेख उमटू लागला. रेघ जमिनीलगत सरपटत शेवटपर्यंत गेली.

"म्हातारा पास झाला," गुरुप्रसाद म्हणाला.

मग यमुनाबाईंची चकती आली. मी ओळखली. ते माझंच अक्षर होतं. मी फिरू लागलो, पहिलं नाव आलं, पाचवं आलं, अकरावं आलं, आणि पुढे सगळं पुसट. उन्हाने खाल्लेलं, दोरीने खरवडलेलं. मी पुन्हा वाचलं, वेग कमी करून वाचलं, नऊ वेळा वाचलं. माझंच अक्षर मला लागेना. मी तेव्हा घाईत गिचमिड केली होती का, ही शंका मला आजही सोडत नाही.

केरू खुर्चीवर बसला. "मी नाय म्हणत ह्या वर्षी. अर्धवट नमन म्हणण्यापेक्षा गप बसेन."

"गप बसलास तर मंडळ मोडलं म्हणून समज," यमुनाबाई म्हणाल्या. "त्यांनी चाळीस वर्षं चालवलंय."

गुरुप्रसाद मात्र पडद्याकडे बघत होता. "एका चकतीत जिथं भोक पडलंय, तिथं दुसरीत पडलं असेलच असं नाही. लिहिलंय तर एकच. जाळ्याची फाटकी घरं विणतात तसं विणता येईल. केरू, जा. वाडीतल्या सगळ्या चकत्या उतरवून आण."

दुसऱ्या दिवशी दुपारी केरू आणि यमुनाबाई चौदा चकत्या घेऊन आले; बाकीच्या वाऱ्यापावसात गेल्या म्हणे. कुणी तारेने बांधलेली, कुणी खिळा ठोकलेली, एकीवर कोंबड्यांनी चोची मारलेल्या. गुरुप्रसादने प्रत्येक साबणाने धुतली, मधून कडेकडे सरळ पुसली. मी एकेक वाचत गेलो. ज्या जागा रिकाम्या होत्या तेवढ्याच शोधायच्या, बाकी सोडून द्यायच्या. बारावं नाव चौथ्या चकतीत सापडलं. केरू उठून उभा राहिला. तेरावं सातवीत, चौदावं अकरावीत. मला इतका आवेश चढला होता की टेबल थरथरत होतं. पण चौदा संपल्या आणि शेवटची दोन नावं तशीच राहिली.

तेवढ्यात दारात हौसाबाई उभ्या. यमुनाबाईंच्या शेजारच्या, हातात ओली पिशवी.

"मला कुणी सांगितलंच नाय. मी काय वाडीतली नव्हं?"

"तू काल बाजारात व्हतीस," यमुनाबाई म्हणाल्या.

"पण घरातली माणसं व्हती ना? ही घ्या. मांगरात सुकटीवर टांगली व्हती, मांजरासाठी."

"मांजर घाबरतं?"

"नाय. पण बघत बसतं, तेवढीच सुकट वाचते."

गुरुप्रसादने नाक धरून चकती दोनदा धुतली, तरी वास गेला नाही. मग ती उलटून पाहिली. कडेला मार्करने आकडा लिहिला होता, एक. ती पहिली प्रत होती, सावकाश काढलेली. मांगराच्या, त्या घरामागच्या खोपटाच्या, सावलीने ती राखली होती.

मी सर्वांत कमी वेग धरला. एकदा अडखळलो. दुसऱ्यांदा अडखळलो. तिसऱ्यांदा किरण बरोबर रेघेवर बसला आणि आप्पांचा आवाज खणखणीत उमटला. पंधरावं नाव, मधे एक खोकला, आणि सोळावं, खाडीच्या तोंडावरची जाखमाता.

"जाखमाता शेवटी?" केरू म्हणाला. "मी तिला बारावी घेणार व्हतो."

"घेतली असतीस तर माझ्या दारात पालखी थांबली नसती." यमुनाबाईंनी पडद्याकडे बोट केलं. "तो खोकला ऐकलास? तेव्हाच सांगत व्हते, डॉक्टरला दाखवा."

मग हळूच म्हणाल्या, "गुरू, खोकल्यापासून परत लाव."

मी सात वेळा लावलं. आठव्यांदा केरूने डोळे मिटले आणि आप्पांच्या आवाजाबरोबर सोळाही नावं म्हटली.

शिमगा झाल्यावर केरू पुन्हा आला. त्याने म्हटलेलं नमन मोबाइलवर होतं. गुरुप्रसादने ते संगणकात ठेवलं, आणखी एका ठिकाणी ठेवलं, आणि तरीही मला कोऱ्या चकत्या दिल्या. एकेका चकतीवर दोन्ही नमनं, आधी आप्पांचं, मग केरूचं. मी बावीसही प्रती सावकाश लिहिल्या. वाडीतली माणसं त्या न्यायला आली तेव्हा यमुनाबाई प्रत्येकाला बजावत होत्या, "वालीवर टांगलीस तर माझ्याशी गाठ हाय."

मित्रांनो, मी फार दिवस चालेन असं मला वाटत नाही, आणि माझ्यावाचून तुमचं अडू नये हेच बरं. तुमच्या घरातलं आवडतं माणूस गातं, बोलतं, खोकतं, ते दोन ठिकाणी जपून ठेवा, आणि वर्षातून एकदा काढून ऐका. आणि कधी मी लिहिलेली एखादी चकती हाती लागलीच, तर एवढं लक्षात असू द्या. तिच्या मधलं भोक दोरी ओवायला नसतं. तिथे धरून मी तिला फिरवतो, म्हणून ती बोलते.