खलाचं तात्पुरतं स्थलांतर

आधीच माफी मागतो. मी दगडी खल. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, चारचौघांत बोलायची सवय नाही. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं, शब्द ओबडधोबड वाटले, तर पोटात घाला. माझ्या पोटात आजवर लोकांनी मिरच्याच घातल्या, मी कधी तक्रार केली नाही.

केलांतान नदीच्या काठी एका पाथरवटानं मला घडवलं. बत्ता माझ्याच धोंड्यातला. विकताना तो म्हणाला होता, "या दोघांची ताटातूट करू नका."

किलसोमच्या आईनं आम्हाला घेतलं. पुढं तिचं घर रस्त्यात गेलं. त्या स्वयंपाकघरातला मी एवढाच उरलो. किलसोमनं मला मांडीवर घेऊन आपल्या सासरी आणलं.

तिचा नवरा बदरुल जमीन कचेरीत कारकून. कुणाची जमीन सरकारला हवी असली की नोटीस हा लिहिणार. माणूस मनानं चांगला. पण वहाणांसारखी कचेरीची भाषाही दारात काढून ठेवायची असते, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. शेवटचं तळलेलं केळं खाल्लं की म्हणायचा, "खाल्लं नाही, सार्वजनिक हितासाठी ताब्यात घेतलं." गळका नळ दुरुस्त करायची आठवण दिली की, "ते आश्वासन लग्नाआधीच्या राजवटीनं दिलं होतं." किलसोम हसायची. तिचं हसू ऐकत मी सांबलच्या चटणीसाठी मिरच्या कुटून घ्यायचो.

मग बदरुलनं गाणारा होला आणला. खांबांवर पिंजरे चढवून होल्यांच्या गाण्याची स्पर्धा लावायची, हा आमच्याकडचा शौक. पिंजरा आला स्वयंपाकघराच्या खिडकीत. बत्ता माझ्यात पडला की होला गप्प. स्पर्धा तर शुक्रवारी.

गुरुवारी किलसोम बाजारातून आली, तोवर मी कोंबड्यांच्या खुराड्यामागं पोचलो होतो. बत्ता आतच राहिला, दाराला टेकण म्हणून. मागच्या दारातून मला दोघांचं बोलणं ऐकू येत होतं.

"आबांग, माझा खल कुठाय?" नवऱ्याला ती आबांगच म्हणते.

"खुराड्यामागं. तात्पुरतं स्थलांतर."

"मला विचारलंत?"

"नोटीस लावली होती की."

"कुठं?"

"पिंजऱ्याच्या कापडाला. आतून."

"आतून? तिथं होल्याशिवाय कोण वाचणार?"

"वाचली पाहिजे असं नियमात नाही, सोम. लावली पाहिजे. तू आठवडाभर हरकत घेतली नाहीस. गप्प बसणं म्हणजे संमती."

तो हसला. या ठिकाणी तीही हसायची. आज हसली नाही.

"आईच्या घराचीही नोटीस लावली होती," ती हळू म्हणाली. "नदीपलीकडच्या एका बंद दुकानाच्या दाराला. आईही गप्पच होती. तिला ठाऊकच नव्हतं. घर पाडायला माणसं आली, तेव्हा ती याच खलात आलं कुटत होती."

खरं आहे. ते अर्धवट कुटलेलं आलं माझ्यातच राहिलं होतं.

किलसोमनं पिशवी भरली.

"अगं, घर सोडून चाललीस?"

"छे! ताईकडे तात्पुरतं स्थलांतर. मुदत वरून ठरेल."

"असं न सांगता..."

"नोटीस लावलीय. भाताच्या पातेल्याच्या बुडाला, बाहेरून."

ती गेली. संध्याकाळी बदरुलनं कोरडा भात खाल्ला. होला मात्र मनसोक्त गायला. एवढा सुरेल कधीच गायला नव्हता, आणि कौतुक करायला घरात कुणी नव्हतं. गाणं मध्येच थांबलं. त्यानं पिंजऱ्यावर कापड टाकलं असावं.

मी दगड. मला इथं काय आणि तिथं काय. तरी एक विनंती करतो. कुणाला हलवायचंच असेल, तर आधी हाक मारत जा. कापडाला आतून नव्हे. तोंडावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी, स्पर्धेच्या वेळेला, बदरुल खुराड्यामागं आला. मला उचललं, त्या गळक्या नळाखाली घासून धुतलं आणि बत्ता माझ्यात ठेवला. मग पिंजऱ्याचं कापड काढून त्यात आम्हा दोघांना गुंडाळलं, मोटारसायकलवर घातलं आणि मेहुणीचं घर गाठलं.

दार बंद होतं. पायरीशी किलसोमच्या चपला होत्या.

"सोम, खल आणलाय," तो म्हणाला. "कुठं ठेवायचा, ते विचारायला आलोय. घरी यायचं की नाही, तेही तूच सांग."

आतून उत्तर आलं नाही.

त्याच्या कायद्यानं ही संमतीच. मला पायरीवर ठेवून तो निघू शकला असता. माझं वजन काही थोडं नाही.

पण त्यानं मला खाली ठेवलं नाही. तसाच उभा राहिला आणि पुन्हा विचारलं, "सोम, ऐकतेस ना?"