बाहेरची कडी

भरतेशनं मागच्या खोलीचं काम काढलं तेव्हा मला वाटलं, पोराला आईबापाची आठवण झाली. विश्रामबागेतल्या त्याच्या घरी आम्ही दोघं आलो तेव्हापासून त्या खोलीची भिंत ओल धरलेली आणि दार फुगलेलं. आता नवी फरशी झाली, रंग झाला. प्रीतीनं, म्हणजे सुनेनं, पडदेसुद्धा मला विचारून आणले. दार तेवढं राहिलं होतं. ते बसवायला अर्जुना मिस्त्री आला.

हाताला स्वच्छ माणूस. चौकटीला ओळंबा लावून बघितला, दार टांगलं, मग भिंत आणि चौकटीतली फट झाकायला भोवतीनं लाकडी पट्टी मारली. कोपरे असे जुळवले की नख जाणार नाही. मी खुर्ची टाकून कौतुकानं बघत होते. तेवढ्यात त्यानं पिशवीतून कडी काढली आणि दाराच्या बाहेरच्या अंगाला धरली.

"मिस्त्री, उलट्या बाजूला धरलीसा."

"न्हाई आक्का. सायबांनी भायरनंच सांगितलीया. आतनं काय बी लावू नगा म्हणालं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पडद्याचं विचारायला आले, कडीचं विचारायला कुणी आलं नाही.

खोली कुणासाठी, हे मला तेव्हा उमगलं. माझे मालक, पायगोंडा, यांना हल्ली कालचं आठवत नाही. इस्लामपूरकडचं विकलेलं रान मात्र आठवतं, आणि उठून तिकडंच चालायला लागतात. मागच्या महिन्यात पहाटे निघाले आणि उसाच्या ट्रॉलीखाली जाता जाता वाचले. मी शेजारीच झोपले होते. पण रात्री कानातलं मशीन काढलं की माझ्या उशाशी ढोल वाजला तरी मला कळत नाही.

मिस्त्रीला मी थांबवून ठेवलं. भरतेश ऑफिसातून आला तशी त्याला दारातच गाठलं.

"बापाला कोंडणार व्हय रं?"

"आई, मी तुला सांगणारच होतो."

"कवा? कडी लागल्यावर?"

"रात्रीपुरतीच. तू हॉलमध्ये झोप निवांत."

"पुढच्या दाराला कुलूप घाल की."

"घालतोय. मग अण्णा किल्ली शोधत स्वयंपाकघरात जातात. परवा गॅस चालू करून ठेवलेला. प्रीतीला वास आला म्हणून वाचलो." तो माझ्याकडं न बघता बोलत होता. "आणि आतनं कडी ठेवली तर न्हाणीतल्यासारखे आत अडकतील. दार फोडावं लागलं होतं, विसरलीस?"

विसरले नव्हते. तो खरं बोलत होता, याचाच मला जास्त राग आला.

"तुझ्या बापानं तुला कवा कोंडलं न्हाई," मी म्हटलं. त्याचे डोळे भरले. मला वाईट वाटलं, पण शब्द मागं घेतला नाही.

अर्जुना कडी हातात घेऊन ताटकळत उभा होता. तेवढ्यात हे व्हरांड्यातून आले. पट्टीवरून हात फिरवला, दार ढकलून बघितलं आणि कडीकडं बोट केलं.

"भायरनंच बसीव. जनावराला आतनं कडी काढाय येतीया व्हय?"

गावाकडं एकदा गोठ्याची कडी राहिली आणि कालवड विहिरीत पडली. तेव्हापासून गोठ्याची कडी स्वतः बघितल्याशिवाय हे अंथरुणाला पाठ टेकवत नसत. अर्जुनानं माझ्याकडं बघितलं. मी मानेनंच हो म्हटलं आणि आत निघून गेले. स्क्रू पिळल्याचा आवाज तिथंही येत होता.

दिवस मावळायच्या आत आम्ही जेवलो. बाकी सगळं विसरले तरी दिवा लागल्यावर खायचं नाही, हा आम्हा जैनांचा नेम हे विसरलेले नाहीत. जेवण झाल्यावर मी माझी वळकटी उचलली आणि नव्या खोलीत नेऊन टाकली.

"आई, तू कशाला आत?" भरतेश म्हणाला.

"कोंडायचंच हाय तर माझ्यासकट कोंड. आणि कडी तूच घालायची. प्रीतीला घालाय लावायची न्हाई."

मी दार ओढून घेतलं. मशीन कानातच होतं. बराच वेळ काहीच वाजलं नाही. दाराखालच्या फटीत त्याच्या पावलांची सावली दिसत होती. घालू नको रे बाबा, असं मला वाटत होतं. आणि नाही घातली तर हे पहाटे कुठं जातील, ही धास्तीही होती.

हे उठून बसले.

"कडी वाजली न्हाई अजून. कालवड जाईल." मग दाराकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाले, "कोण हाय रं तिकडं? कडी घाल."

कडी सरकली.

"लागली," हे म्हणाले. "झोप आता." उशीला डोकं टेकलं आणि लगेच घोरायला लागले. इतकी शांत झोप त्यांना कित्येक महिन्यांत लागली नव्हती.

दाराबाहेर भरतेश रडत होता. मला उठून दार उघडता येणार नव्हतं. मी कानातलं मशीन काढलं आणि उशाखाली ठेवलं.