संध्याकाळचा कन्नडचा वर्ग

जगदेवीनं आत्याला दंडाला धरून कॉलेजचा जिना चढवायला घेतला. काशम्मा आत्या दर तिसऱ्या पायरीला थांबायची आणि थांबली की बोलायची. मागं गंगम्मा मावशी, तिच्या मागं गल्लीतल्या आणखी पाचजणी. सगळ्यांच्या हातात कोऱ्या वह्या.

"जगे, परीक्षा न्हाय न्हवं?"

"न्हाय गं आत्या. बाकावर बसायचं. नाव पुकारलं की हजर म्हणायचं."

"आन् मास्तर कसा हाय? लगीन झालंय का त्याचं?"

"पायरी बघ," जगदेवी म्हणाली.

जगदेवी याच कॉलेजात टायपिस्ट. महिन्यापूर्वी सरकारचं पत्रक आलं, त्याच्या प्रती तिनंच काढल्या होत्या. प्रत्येक विद्यापीठानं आणि त्याच्या कॉलेजांनी आता आपली वेगळी ओळख ठरवायची. सगळीकडं सगळं शिकवत बसायचं नाही. सोलापूर म्हणजे गिरण्या आणि माग, म्हणून प्राचार्यांनी कापडाचं शास्त्र धरलं. संध्याकाळच्या कन्नडच्या वर्गाचं काय ते सरकारची समिती बघून ठरवणार होती. दहाजण दिसले तर वर्ग टिकेल, असं प्राचार्य म्हणाले. होते तीन. आणि वर्ग गेला की ईश्वरप्पा सर गेले.

सर रोज साडेसहाला हजेरीचं बुक द्यायला ऑफिसात यायचे. दोन मिनिटं उभे राहायचे. ऊन, नळाचं पाणी, गावाकडची ज्वारी, असलं काहीतरी बोलायचे. जगदेवीचं काम पाचलाच संपायचं. दोन वर्षांत तिनं साडेसहाच्या आत मशीनवर एकदाही झाकण घातलं नव्हतं.

वर्गात शिरल्यावर सरांनी सात लुगडी बघितली, मग दारातल्या जगदेवीकडं बघितलं. शांतपणे एकेकीचं नाव विचारून बुकात लिहून घेतलं.

समितीचे तिघे साहेब आले. अध्यक्षांनी नेमकं काशम्मालाच उठवलं.

"आजी, या वयात कन्नड कशाला शिकताय?"

पढवलेलं उत्तर होतं, ज्ञानासाठी. काशम्मानं पदर सारखा केला.

"बोलाय येतंय की साहेब. आमच्या घरात म्हैससुदिक कन्नडच समजती. मराठीत बोललं तर दोन शेर दूध चोरती."

"म्हैस कवाच मेली हिची," मागनं गंगम्मा पुटपुटली.

साहेब हसले. काशम्मा मात्र खाली बसली नाही.

"लिवाय तेवढं येत न्हाय. चार बुकं शिकले ती मराठीतनं. लेक कन्नड शाळेत शिकली, हुबळीला दिलीय, तिला मराठी वाचाय येत न्हाय. दुसऱ्याकडनं पत्र लिवून घेते. आता दुसऱ्याच्या हातनं लेकीला काय काय सांगणार, तुमीच सांगा."

साहेब हसायचे थांबले. एकानं वहीत बरंच काही लिहून घेतलं. जाताना अध्यक्ष प्राचार्यांना म्हणाले, असा वर्ग अख्ख्या महाराष्ट्रात दुसरा नसेल.

त्या संध्याकाळी सर ऑफिसात दोनाची दहा मिनिटं उभे राहिले. म्हशीचं नाव काय होतं, हेसुद्धा विचारून झालं.

तीन आठवड्यांनी निकाल आला. वर्ग इतका वेगळा आहे की तो कापडाच्या कॉलेजात कोपऱ्यात पडून राहू नये. भाषांसाठी मुंबई ठरली आहे, वर्ग तिकडं न्यावा. सरांना बढती. त्यांची संमती आठ दिवसांत कळवावी. बायकांबद्दल त्यात काही नव्हतं.

सातव्या दिवशी सर ऑफिसात आले.

"जगदेवीबाई, एक पत्र घ्याल?"

तिनं दोन कागदांमध्ये कार्बन घातला. सर तिच्याकडं पाठ करून खिडकीशी उभे राहिले आणि सांगू लागले.

"आपलं पत्र मिळालं. मुंबईस जाण्यास माझी..."

ते थांबले. बाहेर सात रस्ता चौकाकडं जाणारी बस भरत होती. ती भरली, हलली, दिसेनाशी झाली.

असली पत्रं जगदेवीनं आठ वर्षांत शेकड्यानं केली होती. तिची बोटं कुणाच्या सांगण्याची वाट बघत नसत. सर वळले तेव्हा वाक्य पुरं होऊन कागद वर सरकला होता. मुंबईस जाण्यास माझी काहीही हरकत नाही.

"झालंसुद्धा?" सर म्हणाले.

"शेवट असाच असतो की, सर. सगळ्यांच्या पत्रांचा."

सरांनी कागद हातात घेतला. दीड ओळीचा मजकूर, पण ते बराच वेळ वाचत राहिले.

"तुमचं टायपिंग स्वच्छ असतं," म्हणाले, आणि सही करून पत्र घेऊन गेले.

कार्बनची प्रत फायलीला लावायची होती. जगदेवीनं ती समोर धरली. मग टेबलावर ठेवली, 'माझी'च्या पुढचं सगळं तळव्याखाली झाकलं आणि सर जिथं थांबले होते तिथवरच पुन्हा वाचलं.

जिन्यावर त्यांची पावलं वाजत होती. एवढं हळू काशम्मासुद्धा उतरली नसती. खालच्या पायरीपाशी पावलं थांबली.

जगदेवीनं हात तसाच ठेवला.