नवमीचं पान

हँडब्लेंडर नवऱ्याने, अंगदने, केजच्या बाजारातून आणला, तेव्हा वनमालाला वाटलं होतं, फार तर दोन महिन्यांचं काम. डॉक्टरांनीच तसं सूचित केलं होतं. सासऱ्यांच्या जबड्याचं ऑपरेशन झालं तरी गाठ पुन्हा गळ्यात उतरली होती आणि तोंडाने घोटभर पाणी जात नव्हतं. नाकातून पोटात नळी, दर दोन तासांनी दोनशे मिली पातळ खाणं, शेवटी नळी धुवायला कोमट पाणी, असा नेम ठरला. बोलणं बंद झालं होतं, म्हणून उशाशी पाटी-पेन्सिल. अख्खं तेलगाव त्यांना आप्पा म्हणायचं, वनमाला मामा म्हणायची. लग्नानंतर तिला बी.ए.च्या परीक्षेला नवरा घेऊन गेला नव्हता, आप्पा स्वतः मोटारसायकलवर घेऊन गेले होते. झाडाखाली तीन तास बसून राहिले होते बिचारे.

तेव्हा ती मन लावून करायची. वरण, मऊ भात, उकडलेला बटाटा, चमचाभर तूप. ब्लेंडर भांड्याच्या तळाला टेकवूनच फिरवायचा, जरा वर उचलला की भिंतीपर्यंत शिंतोडे. मग चहाच्या गाळणीतून गाळायचं, कारण एक कण राहिला तरी नळी तुंबते. अंगद कारखान्यावर जायचा आणि संध्याकाळी येऊन बापाला 'बरं वाटतंय का' विचारायचा. पुरुषांची सेवा ती एवढीच.

पितृपंधरवड्यात अविधवा नवमी आली. नवऱ्याच्या आधी गेलेल्या सवाष्णीचं पान त्या दिवशी वाढतात. वनमालाची सासू केसरबाई चार वर्षांपूर्वी गेली होती. खायची मोठी शौकीन बाई. जेवताना बोलायची नाही, आणखी हवं असलं की ताटाच्या काठावर बोटाने दोनदा टकटक करायची. तिच्या फोटोपुढे वनमालाने पुरणपोळी, कढी, भात, भाजी, खीर असं साग्रसंगीत वाढलं. कावळ्याला घास ठेवला. फोटोपुढचं पान दरवर्षी गाईला जायचं. पण यंदा गाय विकलेली, अंगद कामावर, सवाष्णीला जेवू घालता घालता दोन वाजलेले आणि आप्पांचं दुपारचं खाणं राहिलेलं. वनमालाचे पाय भरून आले होते. अन्न ते अन्न, असं म्हणत तिने ते पानच भांड्यात ओतलं, दूध घातलं आणि ब्लेंडर फिरवला.

मोठ्या सिरिंजमधून ते खाणं हळूहळू नळीतून उतरलं. आप्पा डोळे मिटून पडले होते. सगळं संपलं, तसा त्यांचा डावा हात उठला आणि रिकाम्या वाटीच्या काठावर बोटाने दोनदा टकटक झाली. मग आप्पांनी पाटी ओढून लिहिलं, 'कढीत मीठ कमी.'

नळीतलं खाणं जिभेला लागत नाही. वनमालाने पातेल्यात उरलेली कढी चाखली. मीठ खरंच कमी होतं.

त्या दिवसापासून आप्पांना भूक लागली. दोनशेचे तीनशे झाले, तीनशेचे पाचशे. दसरा गेला, दिवाळी गेली, संक्रांत गेली. वजन चार किलोंनी वाढलं. डॉक्टर चक्रावले. अंगद तर हरखून गावभर सांगत सुटला, "आमचा आप्पा लई चिवट हाय!" पण अंगावर मांस चढत होतं तशी गळ्यातली गाठही वाढत होती. जखमेला वास यायचा. कूस बदलताना आप्पांच्या घशातून जो आवाज निघायचा, तो ऐकून वनमाला स्वयंपाकघरात जाऊन उगाच ब्लेंडर चालू करायची. तो आवाज ऐकवत नव्हता तिला, सरळ गोष्ट आहे.

फाल्गुनातल्या एका दुपारी आप्पांनी पाटी मागितली. उजव्या हाताने लिहिलं, 'सूनबाई, मला भूक न्हाई. ही मागती. मला जाऊ दे.'

ती वाचत असतानाच त्यांचा डावा हात वाटीवर टकटक करत होता. आप्पा त्या हाताकडे भेदरून बघत होते.

वनमाला तशीच शेजारच्या भिवराबाईकडे गेली. भिवराबाई शेंगा फोडत बसली होती. सगळं ऐकून म्हातारीने सूप बाजूला ठेवलं.

"तिच्या पानावरचं त्याच्या पोटात घातलंस व्हय गं?"

"चुकलं माझं. पण आत्याबाई त्यांना कावून छळत्याल? नवरा हाय त्यांचा."

"नवरा हाय म्हणूनच. नवमीचं पान नवरा जिता हाय तवरच. तो गेला की तिचं येगळं पान बंद, त्याच्याच तिथीला तिची बोळवण. मग ती कशी सोडंल त्याला? आता तर रोजच जेवती."

वनमाला घरी आली. चार वाजता नेहमीप्रमाणे खाणं केलं, गाळलं, पण सिरिंज भरली नाही. वाटी मांडीवर घेऊन ती आप्पांच्या डाव्या हाताशी बोलायला लागली. आपण वेड्यासारखं करतोय हे तिला कळत होतं.

"आत्याबाई, मामांना सोडा. लई झालं त्यांचं. मी जिती हाय तवर तुमच्या पोटाचं मी बघीन. शपथ."

टकटक थांबली. आप्पांनी एकदम डोळे उघडले आणि तिच्याकडे बघत मान नाही-नाही अशी जोरजोरात हलवायला लागले. दुखतंय, असं वाटून वनमालाने त्यांचं कपाळ चेपलं. मान हलायची हळूहळू थांबली. श्वास लांब लांब होत गेला आणि अंगदला फोन लागेपर्यंत आप्पा गेले होते. हातपाय सैल, सुटल्यासारखे. वनमाला त्यांच्या पायांवर डोकं ठेवून ओक्साबोक्शी रडली.

दुसऱ्या दिवशी मौत करून स्मशानातून माणसं परतली. घरात चूल पेटणार नव्हती, म्हणून दिवेलागणीला भिवराबाई टोपलीभर भाकरी आणि पिठलं घेऊन आली. अंगदला घास उतरेना. वनमालाने भाकरी हातात घेतली. एक संपली, दुसरी संपली. डोळ्यांतून पाणी वाहतच होतं. मामांसाठी रडत होती ती, खरंच रडत होती. पण हात थांबत नव्हता. चौथ्या भाकरीला अंगद म्हणाला, "आगं, दमानं." तिलाही लाज वाटत होती, पोट तट्ट फुगून दुखत होतं, आणि भूक मात्र तसूभर हलली नव्हती.

"काकू," तोंडातला घास गिळत ती म्हणाली, "आणखी हाय का?"

भिवराबाईने टोपली पुढे सरकवली आणि स्वतः उंबऱ्यापर्यंत मागे सरकली.